एमिली कारचे गुरू कोण?

२०१८ साली टोरोंटोच्या ‘आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओ’ या कलादालनानं एका चित्राखालची पाटी बदलली आणि कॅनडाच्या कलाजगतात वादाला तोंड फुटलं. चित्र एमिली कारचं, १९२९ सालचं, त्या देशात शाळकरी मुलांनाही माहीत असलेलं. पाटीवर नाव होतं ‘द इंडियन चर्च’. नवं नाव लागलं ‘युकोट गावातलं चर्च’. जुनं नाव लपवलेलं नव्हतं. बदल का केला तेही सोबत लिहिलेलं होतं. तरी दोन तट पडलेच. एका बाजूचं म्हणणं, चित्रकर्ती १९४५ मध्येच गेली, तिनं दिलेलं नाव तिच्या पश्चात बदलण्याचा हक्क कुणाला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ‘इंडियन’ या ज्या शब्दानं कॅनडाच्या मूलनिवासींना पिढ्यानपिढ्या हिणवलं गेलं, तो कलादालनाच्या भिंतीवर मिरवायचा कशासाठी?

पाटी बदलली ते मला योग्यच वाटतं. पण त्या शब्दापेक्षा मोठी उणीव त्याच पाटीवर तशीच राहिली आहे, आणि ती कारच्या जवळजवळ प्रत्येक चित्राखाली दिसते. तिनं ज्यांच्याकडून सर्वांत जास्त घेतलं, त्या टोटेम खांब, म्हणजे कुळचिन्हांचे उंच लाकडी खांब, कोरणाऱ्या मूलनिवासी माणसांची गणती तिच्या गुरूंमध्ये होत नाही. फ्रान्समध्ये काही महिने शिकवणारा माणूस तिचा गुरू ठरतो. ज्यांच्या खांबांकडे ती पाव शतक पुन्हा पुन्हा वळत राहिली, ते कलावंत मात्र तिच्या चित्रांचा ‘विषय’ ठरतात. ही वाटणी मोडली पाहिजे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

आधी ते चित्रच पाहू. मधोमध एक पांढरं लाकडी चर्च, लहानसं, वर निमुळता कळस. बाजूच्या भिंतीला खिडक्याच नाहीत. समोर क्रूसांचा छोटासा घोळका. आणि भोवती हिरवं जंगल, वरून खाली कोसळल्यासारखं. त्या जंगलात पान सुटं दिसत नाही. घड्यांवर घड्या पडाव्यात तशी हिरव्या रंगाची जड पटलं एकमेकांत गुंतलेली आहेत. एखाद्या ओंडक्यातून कोरून काढावं तसं ते झाडोऱ्याचं अंग आहे. चित्र पाहणारा बहुधा चर्चच्या एकटेपणाबद्दल बोलतो. पण प्रत्यक्षात ते चर्च एकटं नव्हतं. युकोट हे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या नूटका बेटावरचं नांदतं गाव. मोवाचाहत लोकांचं. कॅप्टन कुक १७७८ मध्ये इथे येऊन गेला होता. चर्चच्या आसपास घरं होती, माणसं होती. कारनं ती चित्रातून काढून टाकली. चित्रकाराला तो हक्क असतोच, आणि चित्र म्हणून तो निर्णय जबरदस्त आहे. पण मग गावाचं नाव पाटीवर लिहिलं, तर चित्राचं काय बिघडतं? काढून टाकलेल्या गावाचा पत्ता तेवढा परत मिळतो.

एमिली कार १३ डिसेंबर १८७१ ला व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात जन्मली. आईवडील इंग्लंडहून आलेले, वडील व्यापारी. त्या शहराच्या पोटात एक गोष्ट होती, तिच्या जन्माच्या नऊच वर्षं आधीची. १८६२ मध्ये व्हिक्टोरियात देवीची साथ आली. शहराभोवती तळ टाकून राहिलेल्या मूलनिवासींना प्रशासनानं हुसकावून लावलं, आणि ते आपापल्या होड्यांतून उत्तरेकडे परतले. आजार त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. किनाऱ्यावरची कितीतरी गावं त्यात ओस पडली. उत्तरेकडच्या बेटांवरचे हैदा लोक त्या शतकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आले. पुढे एमिली ज्या रिकाम्या गावांची चित्रं काढणार होती, त्यांच्या रिकामपणाची सुरुवात तिच्याच गावच्या वेशीवर झाली होती.

तिच्या शिक्षणाची हकिकत सगळीकडे एकाच क्रमानं सांगितली जाते. आईवडील लवकर गेल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत तीनेक वर्षं. १८९९ मध्ये लंडनचं वेस्टमिन्स्टर स्कूल ऑफ आर्ट. मग कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्ज, जिथे अल्जर्नन टॅलमेजनं तिला रानातल्या सावलीतही ऊन शोधायला शिकवलं. नंतर मोठं आजारपण आणि वर्षाहून अधिक काळ सॅनेटोरियम. १९१० मध्ये बहीण ॲलिसबरोबर फ्रान्स. तिथे हॅरी फेलन गिबनं तिच्या रंगांना धीट केलं, न्यूझीलंडच्या फ्रान्सेस हॉजकिन्सकडे ती ब्रिटनीत जलरंग शिकली, १९११ च्या पॅरिसच्या ‘सालों दोतोन’ प्रदर्शनात तिची दोन चित्रं लागली. पुढे १९२७ मध्ये टोरोंटोच्या ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या चित्रकारांच्या गटाची, विशेषतः लॉरेन हॅरिसची गाठ पडली. १९२८ मध्ये अमेरिकेचा मार्क टोबी तिच्या स्टुडिओत येऊन शिकवून गेला. झाले सगळे गुरू. यातलं एकही नाव खोटं नाही, आणि यातल्या प्रत्येकाचं देणं चित्रांमध्ये बोट ठेवून दाखवता येतं.

पण स्वतः कारनं काय लिहून ठेवलंय? तिच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात ती सरळ सांगते की मूलनिवासींच्या कलेनं आपली नजर रुंदावली. इंग्लंडच्या शाळांमधून अंगात मुरलेला ताठरपणा त्या कलेनं सैल केला. आपल्याला फक्त वस्तूचं बाह्यांग पाहायला शिकवलं होतं, आत शिरायला शिकवलंच नव्हतं. शिष्यानं गुरूबद्दल यापेक्षा वेगळं काय लिहायचं असतं? तिनं कबुली दिली आहे, तीही छापील. आपण ती वाचतो आणि तरीही चरित्राच्या ‘प्रभाव’ या प्रकरणात गिब आणि हॅरिसला बसवून खांबांना ‘विषयवस्तू’च्या रकान्यात टाकतो.

यामागे एक जुनी समजूत आहे. युरोपातला चित्रकार निर्णय घेतो, शैली घडवतो, चुकतो, शिकतो, म्हणून त्याचा प्रभाव पडू शकतो. मूलनिवासींची कला मात्र जणू झाडाला पालवी फुटावी तशी आपोआप उगवलेली. तिला कर्ता नाही, म्हणून तिच्याकडून शिकता येत नाही, ती फक्त पाहायची असते. ही समजूत किती पोकळ आहे, हे एक खांब कसा उभा राहतो ते पाहिलं की कळतं. हैदा समाजाच्या दोन शाखा, डोमकावळ्याची आणि गरुडाची. लग्न नेहमी दुसऱ्या शाखेत. घर उभारणं, मृताच्या स्मरणाचा खांब घडवणं ही कामंही विरुद्ध शाखेवर सोपवायची आणि त्यांचा मोबदला चारचौघांत द्यायचा. खांबावर कोरायची ती त्या कुळाची चिन्हं, आपल्याकडच्या देवकाच्या जवळपास जाणारी. ती चिन्हं दाखवण्याचा अधिकार वारशानं येतो, कुणीही उचलून कोरू शकत नाही. लाकूड रेड सीडरचं. ते निवडायचं, पाडायचं, पाण्यावरून वाहून आणायचं, वाकसानं तासायचं. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द. डोळ्याचा लंबगोल कुठे किती फुगवायचा, एका प्राण्याचा पंख दुसऱ्याच्या कानात कसा वितळवायचा, गोल बुंध्यावर ही रेघ फिरवताना ती कुठे जाड आणि कुठे बारीक करायची, याचे पक्के नियम, आणि ते नियम वाकवणारे मोठे कलावंतही. खांब उभा राहिला की पॉटलॅच. त्या समारंभात यजमान भेटी वाटतो आणि भेट घेणारे त्या कुळाच्या हक्काचे साक्षीदार होतात. इतकी काटेकोर शिस्त, कामाच्या मोबदल्याची रीत, शागिर्दी, नाव असलेले उस्ताद. कलासंस्था आणखी कशाला म्हणायचं?

कार १९०७ मध्ये बहिणीबरोबर अलास्काला गेली, सिट्का इथे तिनं खांब पाहिले आणि त्यांची चित्रं करून ठेवायचं ठरवलं. १९१२ च्या उन्हाळ्यात, फ्रान्सहून परतल्यावर, सुमारे सहा आठवडे ती उत्तरेत फिरली: अलर्ट बे, स्कीना नदीकाठची गावं आणि हैदा ग्वाय ही हैदांची बेटं. स्किडगेटचं विल्यम आणि क्लारा रस हे जोडपं तिला आपल्या बोटीतून ओस गावांना घेऊन गेलं. तिच्या पुस्तकात ते जिमी आणि लुइसा होऊन येतात. त्यांच्यावाचून ती तनूला पोचली नसती, कमशेवाला पोचली नसती. कोणत्या घरापुढचा खांब कुणाचा, हे सांगणारंही त्यांच्यासारखंच कुणीतरी होतं. आजच्या भाषेत आपण त्यांना सहसंशोधक म्हणू. चरित्रांमध्ये ते ‘वाटाडे’ असतात.

त्याच १९१२ मध्ये ती हैदा ग्वायमधल्या मॅसेटलाही गेली. चार्ल्स एडेनशॉ तेव्हा हयात होते आणि त्याच गावात राहत होते. हैदा कलेतलं हे फार मोठं नाव. लाकूड, काळा अर्जिलाइट दगड, चांदी, सगळ्यांत त्यांचा हात चालायचा, आणि फ्रान्झ बोआससारखे मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्याकडून समजून घ्यायचे. १९२० पर्यंत ते जगले. त्या काळातल्या गोऱ्या समाजात मात्र पक्कं ठरलेलं होतं की ही कला मरणपंथाला लागली आहे, घाईनं टिपून ठेवली पाहिजे. कारही त्याच समजुतीनं काम करत होती. उस्ताद शेजारी राहत असताना त्याच्या कलेचा मृत्युलेख लिहिला जात होता. आणि ही सवय अजून गेलेली नाही. कारचं मॅसेटमधलं १९१२ चं एक छोटं चित्र अमेरिकेत एका जुन्या सामानाच्या विक्रीत ५० डॉलरना कुणाला तरी मिळालं, आणि २०२४ च्या अखेरीस टोरोंटोतल्या लिलावात साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास गेलं. बातम्यांचा भर होता तो ५० आणि साडेतीन लाख या दोन आकड्यांवर. चित्रात एका स्मृतिस्तंभाच्या टोकावर बसलेलं अस्वल आहे. ते कुठल्या कुळाचं, कुणी कोरलेलं, हे विचारावंसं वाटायला हवं होतं.

१९१३ मध्ये कारनं व्हँकुव्हरला आपल्या दोनेकशे चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि खांबांवर व्याख्यानही दिलं. प्रांतिक सरकारनं हा संग्रह घ्यावा अशी तिची इच्छा होती. सरकारनं घेतला नाही. तिचे रंग दस्तऐवजाच्या मानानं फार भडक ठरले. मग पोटापाण्यासाठी तिनं व्हिक्टोरियात सिमको स्ट्रीटवर घर बांधून भाडेकरू ठेवले, केसाळ मेंढपाळ कुत्री वाढवून विकली, पर्यटकांसाठी मातीची भांडी केली आणि त्यांवर मूलनिवासींच्या आकृत्या काढल्या. या भांड्यांबद्दल ती पुढे फार कडवटपणे लिहिते: त्यांची कला बाजारात मांडल्याबद्दल आपल्याला आपलाच तिटकारा यायचा. किनाऱ्यावरचे हे लोक मातीची भांडी करतच नव्हते आणि त्या आकृत्या मातीवर काढण्यासाठी नव्हत्या, हे तिला पुरतं माहीत होतं. तिच्या बाजूनं बोलायचं तर एवढी स्वच्छ जाणीव त्या काळात फारच थोड्यांना होती. जवळजवळ पंधरा वर्षं तिनं चित्रकला अगदीच तुरळक केली.

तिला पुन्हा उभं केलं १९२७ च्या प्रदर्शनानं, आणि माझ्या म्हणण्याचा कणा या प्रदर्शनातच आहे. ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनानं पश्चिम किनाऱ्याची ‘मूळ आणि आधुनिक’ कला एकत्र मांडली. मानववंशशास्त्रज्ञ मारिअस बार्बो आणि कलादालनाचे संचालक एरिक ब्राउन यांची ही कल्पना. कारची २६ तैलचित्रं होती, शिवाय तिची भांडी आणि गालिचे. सूचिपत्राचं मुखपृष्ठही तिचंच. ५५ वर्षांची ही बाई, स्वतःच्या गावात विक्षिप्त म्हणून ओळखली जाणारी, एका फेरीत राष्ट्रीय चित्रकार झाली. तिच्या चित्रांशेजारी मुखवटे होते, कोरीव पेट्या होत्या, विणलेल्या शाली होत्या. हा सगळा कॅनडा देशाचा कलावारसा आहे, असं तिथे सांगितलं जात होतं.

त्या वेळी पॉटलॅच हा कॅनडात गुन्हा होता. १८८५ पासून १९५१ पर्यंत होता. ज्या समारंभासाठी हे मुखवटे घडले तो करणाऱ्याला तुरुंग होता. १९२१ च्या ख्रिसमसच्या सुमारास व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला, तेव्हा पंचेचाळीस जणांवर खटले भरले गेले, वीसेक माणसं तुरुंगात गेली, आणि बाकीच्यांना सुटायचं तर मुखवटे, खुळखुळे, तांब्याच्या ढाली सरकारजमा करा असं फर्मावलं गेलं. त्या वस्तू कुठे गेल्या? मोठा भाग ओटावाच्या व्हिक्टोरिया मेमोरियल म्युझियममध्ये गेला. राष्ट्रीय कलादालन त्या काळी त्याच इमारतीत होतं. आणि १९२७ मध्येच मूलनिवासींसाठीच्या ‘इंडियन ॲक्ट’ या कायद्यात कलम १४१ आलं: जमिनीच्या दाव्यासाठी मूलनिवासींनी पैसे गोळा करणं, त्यासाठी वकील लावणं, बेकायदा. एका हातानं ती माणसं कायद्यानं मुकी केली, दुसऱ्या हातानं त्यांची कला देशाची म्हणून भिंतीवर टांगली. असं करायचं तर कलावंताला नाव नसलेलंच सोयीचं पडतं. नाव असलं की त्याला वारस असतात, वारसांचे हक्क असतात, आणि ते एक दिवस दारात येऊन आपली वस्तू परत मागतात. पुढे झालंही तसंच. क्रॅनमर यांच्या पॉटलॅचमधल्या वस्तू परत मागून घेतल्या गेल्या आणि १९८० मध्ये अलर्ट बे इथे त्यांच्यासाठी उमिस्टा सांस्कृतिक केंद्र उघडलं.

या सगळ्यात कारचा दोष किती? कायदा तिनं केला नव्हता. पण ‘कर्ता नसलेली कला’ या चौकटीचा तिला फायदा झाला, आणि ती चौकट आजच्या पाट्यांवर टिकून आहे, म्हणून तिचं नाव घेऊनच हे बोलावं लागतं.

हॅरिसशी झालेली मैत्री तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी. त्यानं तिला ‘तू आमच्यातलीच आहेस’ असं म्हटलं आणि ते वाक्य तिला जन्मभर पुरलं. त्यानं ‘इंडियन चर्च’ विकत घेऊन आपल्या जेवणघरात लावलं. हॅरिस थिऑसॉफीत बुडालेला होता. ही विचारधारा आपल्याला परकी नाही: ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक तिथूनच निघू लागलं, आणि अड्यारला हलण्यापूर्वी त्या चळवळीचं मुख्य ठाणं काही वर्षं मुंबईत होतं. हॅरिसच्या बर्फाळ, निर्मनुष्य शिखरांमागे हाच अध्यात्माचा शोध आहे. कारनं हे तत्त्वज्ञान मनापासून समजून घेऊ पाहिलं आणि अखेर ते बाजूला ठेवून ती आपल्या ख्रिस्ती देवाकडे परतली. हॅरिसचा दुसरा सल्ला मात्र तिनं मानला. त्यानं लिहिलं होतं की टोटेम खांब ही स्वतःच एक पूर्ण कलाकृती आहे, तिला दुसऱ्या कलेत आणणं फार अवघड. काही काळ ते सोड आणि बेटावरच्या निसर्गातच त्याच्या तोडीचं काही शोध.

हा सल्ला मला फार महत्त्वाचा वाटतो. खांब ही पूर्ण कलाकृती आहे, हे त्याला कळत होतं. मग कलावंत कोण, हा प्रश्न पुढच्याच ओळीत यायला हवा होता. तो आला नाही. उलट खांब सोडून दे, म्हणजे तू स्वतंत्र होशील, असं तिला सांगितलं गेलं. हॅरिसकडून जे घेतलं त्यातून स्वतंत्र हो, असं तिला कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

१९१२ ची चित्रं आणि १९३० च्या आसपासची चित्रं शेजारी ठेवली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. सुरुवातीच्या चित्रांना गावांची नावं आहेत: तनू, स्किडगेट, अलर्ट बे. अलर्ट बेच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या होड्या आहेत, लोक उभे आहेत, गप्पा चालल्या आहेत. जसजशी ती मोठी चित्रकार होत जाते तसतशी माणसं विरळ होतात आणि नावंही सामान्य होत जातात. ‘ब्लंडन हार्बर’ हे तिचं गाजलेलं चित्र घ्या. त्या जागी ती गेलीच नव्हती. न्यूकोंब या संग्राहकाच्या एका जुन्या छायाचित्रावरून तिनं ते केलं. लांबच लांब फळ्यांची वाट, पाण्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या भव्य लाकडी मूर्ती, आणि माणूस एकही नाही. ‘बिग रेव्हन’ (१९३१) कमशेवाच्या १९१२ च्या जलरंगावरून केलेलं. मूळ जागी डोमकावळ्याची ती लाकडी मूर्ती देवीनं मेलेल्यांची प्रेतं ठेवलेल्या घरापाशी होती, असं ती लिहिते. कॅनव्हासवर घर नाही, देवी नाही. उरलाय एक प्रचंड पक्षी आणि भोवती घोंगावणारा हिरवा समुद्र. चित्र थरारून टाकतं. पण त्या थरारात एका सार्वजनिक मृत्यूचा दाखला विरघळून गेलाय, आणि तो पाटीवर तरी आला पाहिजे.

हैदा-त्सिमशियन अभ्यासक मार्शा क्रॉस्बी यांनी १९९१ मध्ये हाच मुद्दा सडेतोड मांडला: कारला प्रिय होती ती कल्पनेतली, लोप पावत चाललेली माणसं, जिवंत, हक्क मागणारी माणसं तिच्या चित्रांत बसत नव्हती. टीका खरी आहे. तरी कारला तेवढ्यावर निकालात काढायला माझं मन घेत नाही. नॉर्थ व्हँकुव्हरच्या राखीव वस्तीतल्या सोफी फ्रँक या टोपल्या विणणाऱ्या स्क्वामिश स्त्रीशी तिची तीसहून अधिक वर्षांची मैत्री होती. एकामागोमाग एक दगावलेल्या तिच्या मुलांच्या कबरींपाशी ती सोफीबरोबर गेली होती. १९४१ मध्ये आलेल्या ‘क्ली विक’ या पुस्तकात मिशनऱ्यांच्या कारभाराबद्दल आणि मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत पाठवण्याबद्दल तिनं जे लिहिलं, ते लिहायला तेव्हा धाडस लागत होतं. त्या पुस्तकाला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला.

आणि इथेच पाटीवादातल्या ‘मूळ शब्दाला हात लावू नका’ या बाजूला मला एक गोष्ट विचारायची आहे. १९५१ मध्ये, कार गेल्यावर सहा वर्षांनी, ‘क्ली विक’ची शालेय आवृत्ती निघाली. मिशनऱ्यांवरची टीका त्यातून कापली गेली. मूलनिवासी बाईनं प्रेमानं वाढवलेल्या एका गोऱ्या मुलाची गोष्ट सांगणारं प्रकरण अख्खं काढून टाकलं. वाचकाला सांगितलं गेलं नाही. पुढच्या आवृत्त्या त्याच कापलेल्या मजकुरावरून निघत राहिल्या आणि मूळ मजकूर परत आला तो थेट २००३ मध्ये. पन्नास वर्षं कॅनडातली मुलं चर्चला न दुखावणारी कार वाचत होती, आणि कलाकाराच्या शब्दाचं पावित्र्य धोक्यात आल्याची हाकाटी झाली नाही. २०१८ चा बदल उघड होता, कारणासह होता, जुनं नाव शेजारी ठेवून होता, आणि चित्राच्या एका फटकाऱ्यालाही त्यानं हात लावला नव्हता. हे दोन बदल एका मापानं मोजता येत नाहीत.

तिच्या शेवटच्या दशकातली निसर्गचित्रं मला सर्वांत प्रिय आहेत. १९३२ च्या सुमारास तिनं स्वस्त मनिला कागदावर पेट्रोलनं पातळ केलेले तैलरंग वापरायला सुरुवात केली. घराला लावायचा पांढरा रंगही त्यात असे. रंग लगेच वाळत, ब्रश पाण्यासारखा धावे. एका जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये कुत्री आणि माकडीण घेऊन ती रानात मुक्काम टाकी. ‘स्कॉर्न्ड ॲज टिंबर, बिलव्हड ऑफ द स्काय’ (१९३५) मध्ये लाकूडतोड्यांनी निरुपयोगी म्हणून सोडलेलं एकच उंच झाड उजळलेल्या आकाशात एकटं गेलेलं आहे. ‘ऑड्स अँड एंड्स’ (१९३९) मध्ये तोडलेल्या रानात बुंधेच बुंधे. झाड पडताना न कापलेला मधला भाग फाटून बुंध्यावर जे दातेरी लाकूड उरतं, त्याला ती किंकाळ्या म्हणायची. जंगलतोडीकडे इतक्या व्याकुळ नजरेनं पाहणारा चित्रकार त्या काळात विरळा.

या चित्रांत खांब नाहीत. म्हणून तर इथे प्रभावाची खरी परीक्षा होते. १९३१-३२ ची तिची जंगलं पाहा: झाडाचा प्रत्येक पदर घनरूप, कडा तासलेल्या, एक आकार दुसऱ्यात शिरून त्याला आधार देणारा, मोकळी जागाही आकाराइतकीच भरीव. टोबीनं तिला घनाकृती सांगितल्या असतील, हॅरिसनं साधेपणा सांगितला असेल. पण गोल बुंध्यात दडलेला जीव बाहेरून आत न जाता आतून बाहेर येतो, हे तिनं पॅरिसमध्ये पाहिलं नव्हतं. ते तिनं तनूच्या गवतात उभं राहून पाहिलं होतं. झाडातून खांब घडवणाऱ्यांकडून ती शिकली आणि तेच शिक्षण घेऊन ती पुन्हा झाडाकडे गेली. खांब सोडल्यावर तिचं ऋण संपलं, असं मानणारे समीक्षक हे विसरतात.

आता व्यावहारिक आक्षेप. बहुतेक खांबांचे कर्ते माहीतच नाहीत, मग पाटीवर लिहायचं काय? पहिलं म्हणजे पुष्कळ काही माहीत आहे. कोणत्या गावात, कोणत्या घरापुढे, कोणत्या कुळाचा खांब, याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध आहेत आणि त्याहून जास्त त्या कुळांच्या आठवणीत आहे. स्किडगेटला हैदांचं स्वतःचं संग्रहालय आहे, अलर्ट बेला उमिस्टा आहे. ओटावा, टोरोंटो आणि व्हँकुव्हरच्या कलादालनांनी पाट्या लिहिताना त्यांच्याकडे जावं आणि त्या कामाचे रीतसर पैसे द्यावेत. दुसरं, जिथे खरोखरच कळत नाही तिथे ‘कर्ता अज्ञात’ एवढ्यावर थांबू नये. तो अज्ञात का, तेही लिहावं: १८६२ ची साथ, १८८५ ची बंदी, आणि वस्तू गोळा करताना कुळप्रमुखाचं नाव लिहून कोरणाऱ्याचं न विचारणारे संग्राहक.

आणि तिसरं. युरोपच्या मध्ययुगीन कलेत नाव हरवलेला चित्रकार अभ्यासकांनी कधी वाऱ्यावर सोडला नाही. त्याचा हात ओळखला, एकाच हाताची कामं एकत्र केली आणि एखाद्या वेदीच्या नावावरून त्याला ‘अमुक वेदीचा उस्ताद’ अशी ओळख दिली. वायव्य किनाऱ्याच्या कलेत बिल होल्म या अभ्यासकानं नेमकं हेच करून दाखवलं. शिकागोतल्या एका कोरीव बाकावरून त्यानं एका हैदा कलावंताचा हात निश्चित केला, त्याला ‘शिकागो सेटीचा उस्ताद’ म्हटलं आणि इतर संग्रहालयांत विखुरलेल्या वस्तू त्याच्या नावावर लावल्या. रीत हाताशी आहे. कारनं आकारांचे तपशील बरेचदा इतके चोख टिपलेत की नष्ट झालेल्या कित्येक खांबांच्या कर्त्यांचा हात तिच्या १९१२ च्या जलरंगांवरूनही शोधता येईल. ते काम हैदा आणि अलर्ट बे भागातल्या क्वाक्वाकावाक्व समाजाच्या अभ्यासकांच्या नेतृत्वाखाली हाती घ्यावं, त्याला कलादालनांनी निधी द्यावा, आणि जसजशी एकेका हाताची ओळख पटेल तसतशी कारच्या चित्राखालच्या पाटीवर, तिच्या नावाच्या लगतच्या ओळीत, ती लिहीत जावी.